कच्चं पाणी

सीपीआरच्या लॅबमध्ये बावीस वर्षं
मी त्यांना शोधते आणि मारते.
सकाळी प्लेटा उघडायच्या,
काही उगवलं नसेल तर लिहायचं: नो ग्रोथ.
वॉर्डात कुणाचा तरी जीव भांड्यात पडतो.

म्हणून काचेची पेटी आणली तेव्हा
वाळू उकळली, दगड उकळले,
स्पंज नळाखाली खळखळून धुतला.
पाणी असं, की पलीकडचं कॅलेंडर वाचता यावं.
चौथ्या दिवशी चारही गप्पी
वर, तोंडं उघडी.
अभिराजनं त्यांना कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं
आणि दोन दिवस वडिलांच्याच ताटाशेजारी जेवला.

लक्ष्मीपुरीतले मुनाफ बागवान हसले नाहीत.
"ताई, तुमी लई स्वच्छ हाईसा.
पाणी कच्चं हाय अजून.
मुरू दे की."
'पाणी मुरतंय' हे मी आजवर संशयानंच ऐकलेलं.
त्यांनी आपल्या जुन्या टाकीतला स्पंज
माझ्या पिशवीत पिळला. काळं, गाळाचं पाणी.
पैसे विचारले तर म्हणाले,
"इरजणाचं कोण पैसं घेतं?"
संध्यामठ गल्लीपर्यंत ती पिशवी
मी छातीशी धरून आणली.

मग नळाचं पाणी बादलीत रात्रभर उघडं,
क्लोरीन उडेपर्यंत.
रोज चिमूटभर खाद्य, कुणालाच नाही.
ते सडायचं. सडू द्यायचं.
खालच्या पोवारकाकू दारातून:
"मासं न्हाईत आन् जेवण कुणाला घालताय?"

नळीत थेंब घालून हलवायची:
अमोनिया हिरवा, गडद हिरवा.
सतराव्या दिवशी तो उतरला,
तर नायट्राइट पिकल्या जांभळासारखं, हटेचना.
एकाचं उष्टं तेच दुसऱ्याचं जेवण,
पण दुसरा पंगतीला अजून आलाच नव्हता.
आणि मोटार घुमत होती, दिवसरात्र,
रिकाम्या पाण्यासाठी.

अडतिसाव्या दिवशी नळी आकाशी.
मी परत केली. परत आकाशी.
लगेच कुणाला हाक मारली नाही.
वाढ झाली, ही बातमी पहिल्यांदाच चांगली होती
आणि रजिस्टरमध्ये तिला रकाना नव्हता.

आता सहा गप्पी आहेत. एकाचं शेपूट फाटकं.
काल रात्री अडीचला लाईट गेली.
मोटार थांबली तशी मला जाग आली.
अंधारात मगानं पाणी उचलून
स्पंजावर उंचावरून ओतत बसले.
मासे स्वस्थ. त्यांना तासभर काही होत नाही.
हे त्यांच्यासाठी नव्हतंच.
भोकाभोकांत जे श्वास कोंडून बसलेत,
ज्यांच्या चुलत-मावस भावंडांना
उद्या दहा वाजता मी ऑटोक्लेव्हमध्ये घालणार आहे...

अभिराज उठून आला. काही न विचारता
मोरीतून दुसरा मग आणला.
"साबणाचा नाही ना रे?" मी म्हटलं.
त्यानं अंधारातच वास घेऊन पाहिला.