किसुमूत सकाळी एक वाजता

आमच्याकडे सूर्य उगवला की मोजणी सुरू.
सातला एक वाजतो.
ती आली तेव्हा एक वाजला होता,
शटर अजून अर्धंच वर,
वाकून आत शिरली आणि म्हणाली, डोकं दुखतंय.

मी डोकेदुखीची पट्टी पुढे ठेवली.
गेली नाही.
खोकल्याच्या बाटल्यांवरची अक्षरं वाचत राहिली.
ताकाला येऊन भांडं लपवणारी माणसं
कोंडेलेच्या या काउंटरनं फार पाहिलीत.
कुणी बोडाबोडावाल्याच्या हाती चिठ्ठी पाठवतं,
कुणाला हवं असतं मैत्रिणीसाठी.
या गावात मैत्रिणींचं फार वाईट चाललंय.

"पी-टू?" मीच विचारलं, हळू.
तिनं मान हलवली.
"केव्हा झालं?"
शनिवारी रात्री. कंडोम फाटला.
अकरा, म्हणजे आमचे पाच वाजले होते.
मी बोटांवर मोजलं: बत्तीस तास.
"वेळ आहे अजून," म्हटलं, "पण खोक्यावर बहात्तर लिहिलंय
ते तू निवांत बसावंस म्हणून नाही.
ओमेना विकतेस ना? वासावरून कळलं.
आजची मासळी आज वाळवली तर आपली,
उद्यावर टाकली की थोडी थोडी जाते."

ती हसली. तेवढ्यात मी दुसरा प्रश्न विचारला,
जो मी कधी विचारते, कधी नाही:
"आणखी कुठलं औषध चालू आहे?"
नाही, म्हणाली.
चर्चमध्ये पाप विचारल्यावर म्हणतात, तितक्या झटकन.

मग डोळे पुसले.
पांढऱ्या रुमालावर केशरी डाग.

पाकीट माझ्या हातातच राहिलं.
"क्षयाच्या गोळ्या घेतेस?"
दोन महिने झाले. घरात कुणाला ठाऊक नाही.
"लघवीही अशीच होते?"
होते.
"त्या सोडायच्या नाहीत. एक दिवससुद्धा नाही.
पण त्या तुझ्या यकृताला अशा कामाला जुंपतात
की ही गोळी पोटात जाते न जाते
तोच तिचा फडशा पडतो.
तुला एका पाकिटानं भागायचं नाही."

एका पाकिटात दोन. मी दोन पाकिटं फोडली.
"चारही, एकदम, माझ्यासमोर.
तीन तासांत उलटी झाली तर परत ये, पुन्हा घ्यावी लागेल.
आणि इथून थेट दवाखान्यात जा, नर्स डोर्कासकडे,
तांबी बसवून घे.
पाच दिवसांच्या आत बसली तर
हिच्यापेक्षा तीच भरवशाची.
क्षयाच्या गोळ्यांशी तिचं काही देणंघेणं नाही.
मनात आलं की काढता येते."

ग्लास तोंडाशी नेऊन ती थांबली.
"मावशी म्हणते, यानं पुढे कधी मूलच होत नाही."
"मावशीला माझ्याकडे पाठव.
ही फक्त अंड्याला वाटेत अडवून ठेवते, उशीर लावते.
राहिलेलं असेल तर त्याला हात लावत नाही.
आज रात्री पुन्हा कुणाजवळ गेलीस
तर त्या रात्रीची जबाबदारीही घेत नाही.
पाळी पुढेमागे होईल, घाबरू नकोस.
तीन आठवड्यांत आली नाही तर तपासायची काडी घेऊन जा,
काडी स्वस्त आहे."

चार गोळ्या, चार घोट.
पैसे फोनवर आले तेव्हा नाव कळलं: आपोंदी.
शटरखालून वाकून गेली,
रस्त्यावर मटाटूंचे कंडक्टर ओरडत होते,
दवाखान्याच्या दिशेलाच वळली,
निदान कोपऱ्यापर्यंत तरी.

डोकेदुखीची पट्टी काउंटरवरच राहिली.
एक गोळी मीच घेतली.
मागच्या वर्षीची विक्रीची वही काढून बसले.
तारीख, पाकीट, किंमत.
तारीख, पाकीट, किंमत.
दुसरा प्रश्न विचारला की नाही,
यासाठी वहीत रकानाच नव्हता.