नऊ नंबरची नोंद

दिब्ब्याला डोंगर थेट समुद्राला भिडतात.
मधल्या चिंचोळ्या पट्टीत मासळीबाजार, मशीद
आणि आमचा क्लब.
मी तिथला हिशेबनीस, एकोणीस वर्षं.
आजवर लिहिलेली सगळ्यात मोठी रक्कम
गवताच्या पाण्याची होती.

जूनमध्ये अध्यक्षांनी बोलावलं.
खजूर, कॉफीचे इवले पेले,
आणि एका माणसाचा कागद:
क्वाबेना. वय तेहतीस. गोल दोनशे अकरा.
डाव्या गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया.
खाली रक्कम.
शून्यं मी बोट ठेवून मोजली,
मधेच चुकलो,
पुन्हा पहिल्यापासून.

"आपली पोरं पळतात झकास," बू-राशिद म्हणाले,
"पण दारापर्यंत जाऊन बेल दाबायला लाजतात.
हा बेल दाबत नाही, आत शिरतो.
यंदा वरच्या गटात जायचं."

मी विचारलं, कुठल्या खाती टाकू?
यंत्र म्हणून दाखवलं तर घसारा लागेल,
दर वर्षी तिसरा हिस्सा गुडघा वजा.
ते हसले. मी हसण्यावारी नेलं नव्हतं.

कोल्हापुरात आमच्या पेठेला एक सर्जा चौगुले होता.
पायात मेहुण्याचे बूट, पुढून सुतळीनं आवळलेले.
फायनलला तीन मारले.
बक्षीस तांब्याची घागर,
वर हॉटेलवाला भर गर्दीत बोलून गेला,
सर्जाला जन्मभर मिसळ फुकट.
शब्द तीन महिने पाळला.
पुढं सर्जा उद्यमनगरात भट्टीशी उभा राहिला
आणि त्याचे गोल कुणी लिहून ठेवले नाहीत.
लिहायचे असतात हेच ठाऊक नव्हतं.
खात्रीचा माणूस व्हायलाही कागद लागतो.

क्वाबेनानं नऊ सामन्यांत दोन मारले.
बाजारात मोईदू सुरीची धार बघत विचारायचा,
"साहेब, एका गोलाची सुरमई किती होते?"
मी हिशेब करून सांगितला, तेव्हा
त्यानं सुरी खाली ठेवली.

एका संध्याकाळी सही घ्यायला मैदानावर गेलो.
सगळे गेलेले. तो एकटा, गुडघ्याला बर्फ बांधून.
"बॉल टाक," म्हणाला.
काखेत फाइल, पायात ऑफिसचे बूट,
मी टाकला, तो भलतीकडेच गेला.
दोन पावलं सरकून त्यानं नुसता पाय लावला.
जोर नाही, काही नाही.
जाळीला कळायच्या आत बॉल आत होता.
असे चाळीस टाकले. सदतीस आत.

मारताना वर का बघत नाहीस, विचारलं.
"गोल कुठं जातोय?" तो म्हणाला.
"पळतात ते बाकीचे."
मग सही केली, घामाच्या हातानं,
शाई पसरली.

सर्जाही वर बघत नसे.
आम्हाला वाटायचं, माज आहे.

नंतर मारले त्यानं, अकरा.
एक तर अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला, लंगडत,
आणि बू-राशिदांची गुत्रा उडून पुढच्या रांगेत पडली.
तरी एका गुणानं राहिलो.
वरच्या गटात दुसरेच गेले,
त्यांचा नऊ नंबर आमच्याहून महाग होता.

मे महिन्यात खाती बंद केली.
क्वाबेना कतारला गेला, निम्म्या किमतीत.
घसाऱ्याच्या रकान्यात गुडघा लिहिला,
बेरीज जुळली.
पान अर्धं कोरं होतं.
पेन्सिलीनं लिहिलं: सर्जेराव चौगुले, पुढची फळी, गोल.
पुढं पेन्सिल थांबली.

थोरल्या भावाला फोन लावला.
तिकडं रात्रीचे बारा वाजून गेलेले.
"तीन?" तो म्हणाला. "वेड लागलंय काय?
त्या फायनलला चार मारलेत सर्जानं."
तीनच रे, मी गोलमागंच उभा होतो.
"तू? तू तर चिखलात चप्पल हुडकत हुतास!"

कार्डातले पैसे संपेपर्यंत भांडलो.
आकडा अजून भरायचा आहे.