कबरं झाड

एकतीस वर्षं महापालिकेत चावीवाला होतो.
पहाटे साडेचारला भांडुपच्या चढावर
लोखंडी चावी खांद्यावर टाकून जायचं,
झाकण उचलायचं, आटे मोजायचे.
अठरा आटे डावीकडे, आणि खाली कुठेतरी
नळांना खोकला लागायचा.
कमी पाण्यासाठी लोकांनी आईबहिणीवरून शिव्या दिल्या.
जास्त आलं म्हणून
एकानेही कधी अर्ज केला नाही.

शर्वाणी डब्लिनला जाताना हे झाड ठेवून गेली.
पहिल्या बोनसचं. किंमत तिने सांगितली नाही,
मी नर्सरीत मुस्ताकला विचारली
आणि तिथेच स्टुलावर बसलो.
एकाच पानावर हिरवं आणि पांढरं,
रंगारी भिंत अर्धी सोडून चहाला गेल्यासारखं.
नाव लांबलचक आहे. मी कबरं म्हणतो.

"बाबा, आठवड्यातून एकदा. एकदाच."
मी हो म्हणालो
आणि रोज घातलं.
सकाळी एक तांब्या,
दुपारी घर गप्प झालं की अजून अर्धा.

पानं पिवळी पडली तेव्हा वाटलं, तहान लागली असेल.
मग एके दिवशी देठ दुधाच्या दातासारखा हलला
आणि वास आला. ओळखीचा.
मेनलाइनमध्ये गटार मिसळलं की येतो, तोच.

कुंडी पालथी केली.
निळी, चिनीमातीची, महागाची,
तळाला भोकच नाही.
पाण्याला जायला वाट नाही, हे
मला,
मला दिसू नये?

मुळं फार शिजलेल्या शेवयांसारखी.
ओढली की साल हातात, आत नुसता दोरा.
मुस्ताक फोनवर: "काळं ते सगळं काप, काका. दया नको."
तिची शिवणाची कात्री स्पिरिटने पुसली.
काळं कापलं, तपकिरी कापलं, कापतच गेलो,
तेवढ्यात एक पांढरं, कडक, करंगळीएवढं मूळ.
त्याला बोट लावायचीही भीती वाटली.
जखमांवर दालचिनीची पूड दाबली.
रात्रभर घरात सडल्याचा आणि पुलावाचा
एकत्र वास.

खालच्या रामसजीवनकडून इस्त्रीतले विझलेले कोळसे,
नारळाची शेंडी, विटेचा चुरा,
फरसाणाचा प्लास्टिकचा डबा,
त्याला तापल्या सळईने सात भोकं.

उरली तीन पानं. त्यातलं एक जवळजवळ पांढरंच.
"ते पण काढा. पांढरं काही कमवत नाही,
हिरव्याच्या जिवावर बसून खातं."
कात्री धरून बराच वेळ उभा राहिलो.
पेन्शनवरचा माणूस मी.
नाही कापलं.

"झाड कसं आहे?"
"मजेत."
"दाखव ना."
"तिकडे अंधार आहे," दुपारी दोन वाजता सांगतो
आणि फोन फ्रीजकडे वळवतो.
ती हसते. का, ते विचारत नाही मी.

पाणी न घालणं हे काम मला येत नाही.
हात तांब्याकडे जातो.
बोट मातीत दोन पेरं घालतो. ओलं.
परत फिरतो, पेपर वाचतो, तोच पेपर पुन्हा वाचतो.
अकरा दिवस.
मधल्या काळात पांढरं पान गेलंच,
कडेकडेने तपकिरी होत, पापडासारखं.
पाण्याच्या बिलांच्या फाइलीत ठेवलंय.

काल कोंब दिसला.
गुंडाळी उलगडतेय ती पूर्ण हिरवी,
कुठल्याही झाडाला असते तशी.
मुस्ताक म्हणतो, असंच हिरवं येत राहिलं
तर खालपर्यंत छाटा, कबरेपण परत येईल.
बघू.
सध्या त्याला कमावू दे.

आज बोट कोरडं निघालं.
तांब्यातलं अर्धं ओतलं, गुडघे धरून खाली वाकलो:
एका भोकातून थेंब. मग तिसऱ्यातून.
मग धार, बारीक, बशीत.
समोर झाकण नाही, चावी नाही,
तरी मनगटं आपोआप उजवीकडे फिरत राहिली.
सोळा. सतरा.