फळ्यावरचा नियम

लालबागला, पोटमाळ्यावरच्या खोलीत
दर शनिवारी आम्ही मेलेले रेडिओ उघडतो.
दारामागच्या फळ्यावर, माझ्याच अक्षरात:
इथे सर नाही, मॅडम नाही, साहेब तर नाहीच.
सगळे तू.
खडू संपला, 'तू'चा ऊकार अर्धाच राहिला,
तरी नियम पुरा होता.

बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला प्रियोळकर
पहिल्या दिवशी दचकला. मग त्याला गोडी लागली.
"प्रियोळकर, तो पेचकस दे रे"
एवढं ऐकायला तो मुलुंडहून यायचा.

मग द्रौपदा खरात आल्या.
चौतीस वर्षं इस्पितळात आया.
हात असा स्थिर
की सोल्डरचा थेंब ठेवतील तिथेच गोठायचा.
मी म्हटलं, द्रौपदा, तू हा कंडेन्सर बघतेस का?
बघितला. बदलला. खरखर थांबून बातम्या लागल्या.

मग पदराने हात पुसत म्हणाल्या,
"तुमचा नियम वाचला.
मला तू म्हणायला अख्खी मुंबई होती, दादा.
डॉक्टर तू, शिकाऊ डॉक्टर तू,
पेशंटचा सात वर्षांचा नातू, तोही तू.
त्यासाठी हे दोन जिने कशाला चढू?"

मी म्हटलं, हे तसलं तू नाही.
देवालासुद्धा आपण तूच म्हणतो.
"देवाला कुणी बेडपॅन आणायला सांगत नाही."

प्रियोळकर हसला,
मग हसायचा थांबला.

तेव्हापासून त्या सगळ्यांना अहो म्हणतात.
चौदा वर्षांच्या निहालला म्हणाल्या,
"अहो, तुमची वायर जळतेय."
त्याने आधी आजूबाजूला पाहिलं,
मग पाठ ताठ केली.
वायर तरीही जळली.

फळा अजून कुणी पुसलेला नाही.
विषय निघतो, चहा येतो, विषय त्यात बुडतो.
प्रियोळकर म्हणतो, माझं तू काढून घेऊ नका,
घरी सून अहो म्हणते, शेजारी अहो म्हणतात,
बायको होती तोवर तीही.
त्याचंही खोटं नाही.

काल अन्वर किटली घेऊन वर आला.
मी म्हटलं, "अहो अन्वर, दोन कटिंग इथे ठेवा."
त्याने मागे वळून पाहिलं,
जिन्यात कुणीच नव्हतं.
ग्लास ठेवत, आवाज उतरवून त्याने विचारलं,
"काय झालं शेठ,
उधारी वाढली काय?"