पावणेदोन तोळे

काळ्या बुरशीनं वरचा जबडा नेला, त्यानंतर
जळगावच्या सराफ बाजारात मी परत बसलो खरा,
पण फुंकणी ओठांना लावली की
हवा नाकातून निघून जायची.
ज्योत आपली सरळ उभी,
माझी ओळख नसल्यासारखी.

तीस वर्षं मी तिला वाकवत आलो होतो.

चहा नाकातून. 'पन्नास' म्हणायला जावं
तर 'मन्नास'.
गिऱ्हाईक हसायचं नाही,
तेच जास्त लागायचं.
मी पाटीवर आकडे लिहून दाखवू लागलो.

नेहेते मॅडमनी टेबलावर एक कवटी ठेवली,
पांढरी, प्लास्टिकची.
"हे तुम्ही, दुसाने."
मोडीला आलेली वस्तू फिरवावी तशी मी ती फिरवली.
घट डाव्या डोळ्याखाली होती,
अंगठा आत जाईल एवढी.

मग टायटॅनियम आलं, बंद डबीत.
मेण नाही, मूस नाही.
भुकटीचा थर, त्यावर लेसरचा चटका,
पुन्हा थर, असं हजार वेळा, त्या म्हणाल्या.
मला आमच्या गल्लीतले झारेकरी आठवले,
पहाटे गटारीतली माती धुऊन
आमचं सांडलेलं सोनं काढणारे.

भिंग लावून झाळ शोधली. कुठेच नव्हती.
कानशीनं एक कड मारायला हात शिवशिवला,
तो आवरला. काट्यावर मात्र ठेवलंच.
पावणेदोन तोळे.
"मोडीत काय येईल याचं?"
"काही नाही. दुसऱ्या कुणाला बसायचंच नाही हे."
असा दागिना माझ्या हातून कधी झाला नाही.

मंगलानं कळण्याची भाकरी आधी कुस्करून दिली,
काही महिन्यांनी न कुस्करता.
"दुखस का?" एवढंच विचारलं.
भरतातली मिरची
जिथे लागायला हवी तिथेच लागली.

थंडीत सकाळी शटर उचलताना
गालाच्या आत ते माझ्याआधी गार पडतं.
त्याचं ते असो.

आज एका बाईचं जोडवं तुटून आलं.
यावलच्या गाडीची तिला घाई.
गॅसचा पिस्तूल बाजूला सारला, फुंकणी घेतली.
पहिल्या फुंकरीला ज्योत नुसती थरथरली.
दुसरीला मान वळवून
बरोबर सांध्यावर टेकली.

"किती झाले?"
"पन्नास."
तिनं चाळीस ठेवले
आणि गेली.