अर्धा तास

उणे एकतीस. उलानबातरच्या धुरात
गॅरेजचं दार अर्धंच उघडतं,
खालच्या बर्फाला लाथ घालावी लागते.
चोइजिलसुरेन गाडी ढकलत आणतो,
मागे त्याची नात, कोटात दुधाचा थर्मास धरून.
आपल्याला प्यायला नाही. चाकांवर शिंपडायला.

"चौघांनी पाहिली," तो म्हणतो.
पहिल्यानं बॅटरी बदलली.
दुसऱ्यानं प्लग. तिसऱ्यानं पेडल.
चौथा म्हणाला, विकून टाक.
दुखणं डोक्यात आणि पट्टी गुडघ्याला;
पैसे मात्र दरवेळी एकाच खिशातून गेले.

मी ग्लोव्ह बॉक्स उतरवते,
आडवी होऊन अंधारात हात घालते
आणि डबा बोटांनाच दिसतो:
वहीएवढा, ॲल्युमिनियमचा, गार.
खटका वर केला. जोड सुटला.
शंभरावर पिना, त्यांतल्या तीन हिरव्या.
कधीतरी पाणी शिरलं होतं.
"तूल नदी," तो लगेच कबूल करतो.
"पूल लांब होता."

दुसरा डबा जपानच्या भंगारातून आलाय.
नंबर जुळतो, शेवटच्या अक्षरापर्यंत.
पण बसवला म्हणून गाडीचा होत नाही.
किल्ली हिची, मेंदू तिकडचा.
डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकत राहतो:
कोण तू? कोण तू?

आधी त्याच्या आत काय आहे ते वाचलं.
बॅटरी तोडली की बहुतेक डबे सगळं विसरतात.
हा विसरला नव्हता.
एक क्षण गोठून राहिला होता:
वेग ४१. इंजिनचं पाणी ८८ अंश.
आत ओढलेली हवा, ९.
ब्रेक दाबलेला.
त्यापुढे काही नाही.

नऊ अंश.
नागोयात मी दोन हिवाळे काढले, बंपरच्या कारखान्यात.
नऊ अंशांना तिथे लोक मफलर गुंडाळायचे
आणि आम्ही तिघी मंगोल मुली
जॅकेटं हातावर टाकून हिंडायचो.
आकडे पुठ्ठ्यावर उतरवून घेतले. का, ते विचारू नका.
मग यंत्रानं विचारलं, पुसून टाकू?
मी हो म्हटलं.

आता तारेचा एक तुकडा,
स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये,
चौथ्या भोकातून तेराव्या भोकात.
इग्निशन चालू.
आणि अर्धा तास काहीही करायचं नाही.
मेंदूनं आणि कुलपानं एकमेकांकडे बघत बसायचं.
आपणही बसायचं.

नात विचारते, "ती बाई जाईल का?"
कुठली बाई?
"गाडी चालू केली की बोलते ती. जपानी.
आजोबा म्हणतात, ती म्हणते,
सांभाळून जा, सुखरूप ये."
ती वेगळ्या डब्यात राहते, मी सांगते,
तिला कुणी हात लावलेला नाही.

ती काय म्हणते ते मला ठाऊक आहे.
टोलचं कार्ड घातलेलं नाही. एवढंच.
दहा वर्षं, रोज सकाळी,
आपल्या टोलनाक्यांपासून समुद्रापल्याड,
त्याच मऊ आवाजात, न कंटाळता.
मी चहात मीठ घालते
आणि ढवळत राहते.

एकतीस मिनिटं. एक माझ्याकडून जास्त.
तार काढली.
चोइजिलसुरेन किल्ली फिरवतो इतक्या हळू
की जणू आत कुणी निजलंय.
लाल दिवा दोनदा लुकलुकला. विझला.
इंजिन खोकलं, थबकलं, मग धरलं त्यानं.

बाई बोलली.
"हो हो, येतो," म्हातारा तिला म्हणाला,
आणि माझ्याकडे बघून उगाच खाकरला.
नातीनं चारही चाकांवर दूध शिंपडलं;
रबराला लागेपर्यंत त्याचे खडे झाले.

जुना डबा फळीवर आहे, हिरव्या पिना भिंतीकडे करून.
पुठ्ठा सध्या किटलीखाली.
आकड्यांवर गोल डाग पडलाय,
वेग गेला, पाणी गेलं,
नऊ तेवढा वाचता येतो.