तीनशेच्या आत

मे महिन्यात मीटर मी रोज पाहते.
स्टुलावर चढून, चष्मा पदराने पुसून,
आकडा लिहिते मागच्या बिलाच्या पाठीवर.
हे खालून म्हणतात,
"काऊन वं, मीटर काय पोळी आहे, फुगली का ते पाहाले?"
"फुगते," मी म्हणते,
"जो पाहत नाही त्याच्या घरी जास्त फुगते."

नंदनवनातल्या दोन खोल्या. पश्चिमेची भिंत
रात्री नऊलाही हात ठेवू देत नाही.
छतावर चुन्याचे दोन हात मारले,
खिडकीवर हिरवी जाळी,
जाळीवर दोडक्याचा वेल, जो अजून
सावलीपेक्षा आशाच जास्त देतो.
कूलरला नव्या ताट्या. पंप अर्धा तास चालू,
अर्धा तास बंद, ओल्या ताट्या तेवढं निभावून नेतात.
फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला
तर मागे सापडली तीन वर्षांची धूळ
आणि मुलाच्या लग्नाच्या अक्षता.

डाळ सकाळीच भिजत घालते.
कुकरच्या पाच शिट्ट्यांच्या दोन झाल्या,
बाकीचं शिजणं झाकणाखालच्या वाफेवर सोपवलं.
टीव्हीचा तो लाल ठिपका,
काही न दाखवता दिवसभर जागा राहणारा,
तोही बटणावरून मिटवते.
पुण्याहून मुलगा म्हणतो, आई, एसी घेऊन टाक,
हप्ते मी भरतो.
हप्ते तू भरशील रे.
तीनशे ओलांडले की पुढच्या प्रत्येक युनिटला
वेगळा भाव लागतो, तो कोण भरेल?

रात्री गच्चीवर चार बादल्या पाणी मारून झोपतो.
हवा साफ असली तर उत्तरेला दिसतात
कोराडीच्या चिमण्यांचे लाल दिवे.
गावी मी घासलेटच्या चिमणीजवळ बसून
सातवीपर्यंत शिकले. शाळेत जाताना नाकपुड्या काळ्या.
आता चिमणी इतकी लांब आहे
की कोणाचं नाक काळं होतं ते दिसत नाही.

सव्वीस तारखेला दोनशे एकोणसत्तर.
पाच दिवस, एकतीस युनिट. जमणार होतं.

वर टिनाच्या खोलीत रंजिता सहारे राहते,
सिंदेवाहीची, मेडिकलला नर्स, रात्रपाळी.
सकाळी नऊला येते
आणि तापल्या टिनाखाली, टेबलफॅनसमोर
झोपायचा प्रयत्न करते.
नवतपा लागलेला. त्या दिवशी जिन्यातच बसलेली दिसली,
मानेवर ओला टॉवेल, डोळे मिटलेले,
बूट अजून पायात.
म्हटलं, "चाल, खाली झोप. आमचा कूलर सुरूच राहते."
खोटं होतं. दुपारी तो बंदच असायचा,
आम्ही दोघं फरशी पुसून तिच्यावरच लवंडायचो.

पाचही दुपारी ती झोपली.
हे चपला हातात घेऊन घरात फिरले.
पंपसुद्धा मी बंद केला नाही,
बटणाच्या खटक्याने जागी झाली असती.
एकदा डोळे अर्धे उघडून म्हणाली,
"काकू, बिल?"
"झोप. अजून लय बाकी आहे."

एकतीसला तीनशे चौदा.
यांनी आकडा पाहिला, बोलले काही नाही,
संध्याकाळी स्वतःच चार बादल्या वर चढवल्या.
मी हिशेब मांडायला बसले.
कुठे किती गेलं ते लिहायची माझी सवय,
इस्त्री, मोटार, मिक्सर.
चौदापुढे पेन्सिल जरा थांबली.
मग लिहिलं: झोप, पाच दुपारी.
खाली रेघ ओढली
आणि उद्याची बरबटी भिजत घालायला उठले.